डाग

राजारामपुरीत आठव्या गल्लीला
तौफिक नदाफचं झेरॉक्सचं दुकान.
रेझ्युमे वीस रुपये, फोटो घालून पंचवीस.
त्याच्याकडं एकच फाईल. नाव खोडायचं, नाव घालायचं.
आमच्या बी.कॉम. तीनचे एकसष्ट जण
त्याच्या एका पेन ड्राईव्हमधून जन्मलो:
सगळे मेहनती, सगळे प्रामाणिक,
सगळ्यांना वाचनाची आणि प्रवासाची आवड.
माझा प्रवास हुपरी ते कोल्हापूर, केएमटीनं, पास काढून.

मागच्या प्रतीत वडिलांच्या जागी
कुणी दिनकर राहून गेले होते.
आठ कंपन्यांत मी त्यांची मुलगी म्हणून गेलो.
हो, गेलो. आमच्याकडं मुली गेलो, आलो असंच म्हणतात.
हे कुठल्या रकान्यात बसवायचं
ते तौफिकलाही माहीत नव्हतं.

इंगवले मॅडमनी कागद वाचला, पालथा ठेवला.
"कुणाचा आहे?"
माझा.
"यात तू कुठं आहेस?
मी अशी आहे, मी तशी आहे, हे काढून टाक.
काय केलंस ते लिही. किती केलंस ते लिही.
वाचणाऱ्याकडं वीस सेकंद असतात,
तेवढ्यात त्याच्या हातात काहीतरी ठेव."
मी काही केलेलं नाही, मॅडम.
"सुट्टीत काय करतेस?"
पैंजणाच्या कड्या जोडतो.
त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "आणि?"

रात्री आई समोर, मध्ये गॅसची बत्ती,
वाटीत टाकणखाराचं पाणी.
एका पैंजणात किती कड्या गं?
"मोजत बसलं तर काम व्हायचं व्हय?"
मी मोजल्या. एकशे बारा.
दिवसाला चार जोड,
दिवाळीच्या सुट्टीचे एकोणीस दिवस.
सतरा हजार चोवीस कड्या.
वहीच्या मागच्या पानावर आकडा बघितला
आणि पहिल्यांदा बोटं दुखली.

मग आठवत गेलं तसं लिहीत गेलो.
गल्लीतल्या अकरा घरांची चांदी, आलेली, गेलेली,
तीन वर्षं माझ्या हातानं लिहिलेली.
किलोमागं बावीस ग्रॅम घट जायची, ती चौदावर आली,
कारण मी कानस मारायच्या जागी खाली
जुनी चादर अंथरायला लावली, आणि दर शनिवारी ती झाडून घेतली.
शेठ म्हणाले होते, पोरगी हुशार आहे.
हुशार खोडलं. चादर ठेवली.

राहिलं मधलं एक वर्ष.
अण्णांचा उजवा हात भाजला तेव्हा
त्यांच्या पाटावर मी बसलो, कॉलेज सोडून.
तौफिक म्हणाला होता, "गॅप दिसला की डाग दिसतो,
तारखा सरकवू का जरा?"
आमच्या घरात डाग म्हणजे कडीला कडी धरून ठेवणारा थेंब.
तो कच्चा राहिला तर अख्खा माल परत येतो.
मी लिहिलं: जून ते मे, शिक्षण थांबवून
वडिलांचं काम पूर्ण केलं. एकही ऑर्डर उशिरा गेली नाही.
खोटं होतं थोडं. एक गेली होती.
खोडून लिहिलं: एक सोडून.

सकाळी तौफिक टाईप करताना
सतराच्या पुढची शून्यं बघून थांबला.
"खरं हाय?"
मोजून घे.
"पानभरच झालं की. आवडी-निवडी?"
नको. आधी वडिलांचं नाव बघ. भूपाल.
भूपाल चौगुले. दिनकर नव्हे.

प्रिंटर खरखरला, कागद गरम आला.
तौफिकनं पैसे घेतले नाहीत, सुट्टेही दिले नाहीत,
नुसता पडद्याकडं बघत बसला.
"बारा वर्षं झाली," म्हणाला, "लोकांचे करतोय.
माझा कधी केलाच नाही."
किती केलेस आत्तापर्यंत?
बाहेर माझी बस आलेली,
आणि तो बोटांवर महिने धरत होता:
जून, जुलै, प्लेसमेंटचा ऑगस्ट...