नमुना सात

रात्री धानगिरणी बंद झाली
की कुरखेड्याचं व्होल्टेज जरा सावरतं.
तेव्हा मी काम लावते.
फार्मसी कॉलेजात संगणक सहा,
चालतात चार,
चौथ्याला पाठीवर थोपटावं लागतं.

आधी विषाणूचं प्रथिन उतरवून घ्यायचं.
मग त्याला चिकटलेले पाण्याचे रेणू काढून टाकायचे.
पुस्तकात तसंच आहे : पाणी काढा.
पहिल्यांदा वाचलं तेव्हा मे महिना होता
आणि कॉलेजच्या हापशीनं
तेवढं एक काम आधीच करून ठेवलं होतं.

मग खाचेभोवती चौकट आखायची.
जे व्हायचं ते चौकटीत.
बाहेरचं यंत्र बघत नाही.

एकशे बारा रेणू.
भुईनीम, गुळवेल, निर्गुडी, कुड्याची साल, तरोटा,
आणि टोल्यावरच्या रैजाबाई नैतामनं दिलेलं एक मूळ.
नाव तिनं कानात सांगितलं,
"कागदावर नोको मांडू."
मी ते ओळखलं, रचना शोधून काढली,
तरी फाईलीत लिहिलं :
नमुना सात.

रात्रभर यंत्र एकेक रेणू उचलतं,
उलटा करतं, सुलटा करतं, खाचेत बसवून बघतं,
कासारीण हात दाबून बांगडी चढवते तसं.
बसली तर बसली. नाही तर पुढची.
इथं उण्याला मान.
उणे नऊ म्हणजे घट्ट धरलंय,
उणे चार म्हणजे पाहुणा
चपला न काढताच परतला.
हे पोरांना पटवायला मला दोन वर्षं लागली.

साडेतीनला लाईट गेली.
अठ्ठ्याण्णवाव्यावर सगळं गोठलं.
इन्व्हर्टरनं एक उचकी दिली, बस्स.
अंधारात मी डासांशी बोलत बसले.

दुसऱ्या रात्री यादी पूर्ण झाली.
पहिला : तरोट्यातला एक रेणू.
नमुना सात : एकसष्टावा.

सांगावं की नाही,
टोल्यावर जाताना तीनदा ठरवलं, तीनदा मोडलं.
रैजाबाई टोरी फोडत बसली होती.
सांगितलं.

"किती पोट्टे होते वर्गात?"
"एकशे बारा."
"मंग पास झालं म्हना!"
आणि पहिला कोण ते ऐकून
तिला इतकं हसू आलं की दगड बाजूला ठेवावा लागला.
"तरोटा? त्याची त आमी भाजी खातो
अन् हात धुतो."

मग बराच वेळ नुसता टोरीचा आवाज.
एक बी फुटत नव्हतं, ते तिनं परत ठेवलं.

"त्या बिमारीच्या साली बी मी ताप मारला नाही, बाई.
तापाले कोन मारते? तो आला तसा जाते.
हे मूळ उगाळून देल्लं
का मानूस तिसऱ्या रोजी पेज मागते.
पेज मागतली का समजाव, राह्यला."

आणि माझ्याकडं न बघता :
"तुह्या मशिनीत पेजेचा खाना हाय का?"

परतताना रस्त्याच्या दोन्ही कडांना तरोटा,
गुडघ्याएवढा, धुळीनं माखलेला, कुणी न लावलेला.
स्कूटी थांबवून पहिल्या आलेल्याकडं पाहिलं.
एक शेळी आली, हुंगलं तिनं,
आणि पलीकडच्या बोरीकडं गेली.

अहवालात मी प्रत्येक ओळीत "संभाव्य" लिहिलं.
संभाव्य रेणू, संभाव्य बंध, संभाव्य परिणाम.
यापुढं नागपूरला पेशी, मग उंदीर,
मग वर्षं.
तरोट्यापुढं लिहिलं : पुढील तपासणीस पात्र.
नमुना सातपुढं शेऱ्याच्या रकान्यात
दोनच शब्द :
पेज मागतो.

विभागप्रमुखांनी त्यावर पेन्सिलीनं
प्रश्नचिन्ह काढून पाठवलंय.
खोडरबर माझ्याच टेबलावर आहे.
अजून मी
ना शब्द खोडलेत, ना ते चिन्ह.