सव्वीस सुया

टण्ण.
क्लच सोडला की गाडीच्या पोटाखाली
कुणीतरी पातेलं आदळावं, तसं.
इब्रीच्या हॉस्पिटलपासून घरापर्यंत सात गतिरोधक,
सात पातेली.
अच्युत म्हणाला, क्रॉस गेला. मागचा.
एकतीस वर्षं फिरला,
त्यातली अकरा आमच्याकडे.

सनायातला गॅरेजवाला म्हणाला, अख्खा शाफ्टच बदला.
अच्युत मुठीएवढा खोका घेऊन आला, साडेचार रियालचा,
आणि बिल माझ्या पर्समध्ये सरकवलं,
औषधाचं असावं तसं.

खरं तर गुरुवारी गाडी द्यायचीच आहे
हमूदच्या पुतण्याला.
पैसे ठरलेत. आवाजासकट ठरलेत.
पोराने एक चक्कर मारली, हसला, बोटं काचेवर वाजवली,
टण्ण, टण्ण.
मग आता कशाला हा उपद्व्याप?
अच्युत जॅक लावत होता.
म्हणाला, आवाजासकट कशी देऊ गो?

रात्रीचे साडेनऊ. भिंत अजून तव्यासारखी.
एसीचं पाणी वाळूत ठिबकतंय
आणि त्या ओल्या वर्तुळात शेजारची मांजर
पोट टेकून बसलीय.
मी बॅटरी धरलेली.
सोडवण्याआधी खूण हवी, तो म्हणाला,
नाहीतर उलटा बसेल, सगळी गाडी थरथरेल.
खडू घामाने पुसला.
मी घरातून नेलपॉलिश आणलं,
दोन ठिपके दिले, एक इकडे, एक तिकडे,
समोरासमोर.

चार बोल्ट. तीन आले.
चौथ्याने आमचा एक तास खाल्ला.
शाफ्ट त्याच्या मांडीवर उतरला,
तेव्हा अच्युतचं तोंड
वर्गात उभं केलेल्या मुलासारखं झालं होतं.

जुन्या टोप्या निघाल्या. आत ग्रीस नव्हतंच.
तांबडी भुकटी, ओली झालेल्या मिरचीपुडीसारखी,
आणि क्रॉसच्या चारी बोटांवर
सुयांचे वळ.
कितीतरी वर्षं एकाच जागी दाबून धरलेलं काहीतरी.
अच्युत म्हणाला, तुझ्या वॉर्डातला गुडघा.
मी म्हटलं, नाही.
गुडघा आधी सांगतो, मग सुजतो, मग शिव्या देतो.
हा नुसता वाजला.

नव्या तीन टोप्या बसल्या. चौथी बसेना.
रिंग खाचेच्या केसभर अलीकडेच अडकते.
त्याने हातोडा उचलला.
एक घाव. दोन.
तिसऱ्याच्या आत मी म्हटलं, थांब.
ऑपरेशनला टाके घालण्याआधी
आम्ही गॉज मोजतो.
नाही जुळले, तर कुणी हलत नाही,
सर्जनसुद्धा.
मोजू.

त्याने टोपी पुन्हा काढली.
टोपीच्या कडेने उभ्या सुया,
ग्रीसमध्ये, खांद्याला खांदा लावून.
मी भुवयांच्या चिमट्याचं टोक फिरवत गेले.
तेवीस, चोवीस, पंचवीस.
बाकीच्या तिन्ही टोप्यांत मात्र सव्वीस होत्या,
बसवण्याआधी मीच मोजल्या होत्या,
का, ते मला माहीत नाही. सवय.

हमूद कॉफीचा थर्मास घेऊन कधी आला कळलं नाही.
कुंदुऱ्याची पायरी चढून खाली वाकला,
बॅटरी माझ्या हातातून घेतली,
काहीच बोलला नाही.
त्याच्या उजेडात दिसली.
तळाशी आडवी पडलेली,
तांदळाच्या दाण्याहून जरा लांब.
उभी केली. ग्रीसने सांभाळली.
टोपी अंगठ्याने गेली. नुसत्या अंगठ्याने.
अच्युतने हातोडा
गादीवर ठेवावा तसा वाळूत ठेवला.

दीड वाजता चक्कर मारली.
सात गतिरोधक. एकही पातेलं नाही.
मग ऐकू आलं की डॅशबोर्ड करकरतो,
माझ्याकडची काच हलते,
आणि अच्युत नाकाने श्वास घेताना
बारीक शीळ वाजते.
अकरा वर्षं ही सगळी होती बहुतेक.

गुरुवारी पोरगा किल्ली घेऊन गेला.
त्याने काही विचारलं नाही, आम्ही काही सांगितलं नाही.
पुढेमागे कुणी खाली झोपेल,
तेव्हा त्याला दिसतील दोन लाल ठिपके,
समोरासमोर,
आणि तो जरा वेळ
बॅटरी तिथेच धरून ठेवेल.