चौदाव्या सेकंदाला

एकवीस पूर्णांक चार मिलिमीटर.
म्हणजे रुपयाच्या नाण्यावर बसला असता,
वर कडेचं साल वाचता आलं असतं.

गगनबावड्याच्या वर, घाटाच्या तोंडाशी, मोरीखाली,
अश्विनातल्या धुक्यात, रात्री पावणेदोनला.
पुढं भागोजी झोरे. बॅटरी माझ्या हातात,
तरी वाट त्यांच्या तळव्यांना दिसत होती.
जळवांसाठी त्यांनी पोटऱ्यांना तंबाखूचं पाणी चोळलेलं,
मी महागडे मोजे घातलेले.
रक्त दोघांचंही आलं.

आवाज असा, की कुणी जुन्या घड्याळाला किल्ली देतंय
आणि मधेच विसरतंय.
"ह्याला काय म्हणता तुम्ही?" मी वही काढली.
"नाव कशाला? हाक मारली तर कुठं येणार हाय त्यो?"
मग थोडं चालून, आपणहून,
"ह्यो वरडाय लागला की म्हसरं वाड्याकडं वळवायची. एवढंच."

ते मी टिपलं. छापताना जागेअभावी गेलं.

नाव ठरायला अडीच वर्षं.
सायबर चौकात चहाच्या गाडीवर आम्ही
लॅटिन शेपटावरून भांडलो, एका इकारासाठी.
नवा, नवा, म्हणत राहिले सगळे.
डोंगराहून थोडाच धाकटा असेल.

ज्याच्यावरून नाव ठेवलं तो बाटलीत आहे.
मागच्या उजव्या पायाला दोरा मीच बांधला,
बाळाला करगोटा बांधतात तसा,
असं मनात आलं आणि गाठ दोनदा सुटली.
पोटाचा हळदी रंग अल्कोहोलात चार दिवसांत गेला.
वर्णनात आहे अजून,
'जिवंत असताना' या शब्दांच्या पुढं.

आवाजाची फाईल वेगळी.
बॅटरी विझवून, श्वास धरून घेतलेली.
चौदाव्या सेकंदाला भागोजी खोकतात.
आलेखासाठी तो खोकला पुसावा लागला,
पण मूळ प्रत माझ्या मोबाईलमध्ये आहे.
कधी संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्याला टेकून,
भेळेच्या गाड्यांच्या गलक्यात, कानाला लावतो.

किल्ली. किल्ली. किल्ली.
खोकला.
मग नुसतं पाणी.

दगडाच्या बेचक्यात तो ऐकतोय.
कोण आलंय, किती जण, कशासाठी,
आम्हाला काय म्हणावं, ठरत नसावं त्याचं.
अकरा सेकंद.
मग पुन्हा, आधी बिचकत, नंतर सलग,
भागोजींना ओळखल्यासारखा.

तिथं मी फाईल थांबवतो.
पुढं बॅटरीचं बटण वाजतं.