एक सूत

उद्यमबागेतलं शेड विकलं तेव्हा
मालकानं विचारलं, तुला काय पाहिजे?
लेथ मागायला घरी जागा नव्हती, तोंडही नव्हतं.
म्हटलं, कंप्रेसरची टाकी द्या.
का म्हटलं, अजून सांगता येत नाही.

अनगोळात, मागच्या अंगणात
धुण्याच्या दगडाशेजारी ती दोन वर्षं आडवी होती.
मांजरीनं दोनदा पिल्लं घातली तिच्या आडोशाला.
मग पुण्याहून प्रज्योतनं फोटो पाठवला:
बाबा, असलं बनवता येईल?
वर झाकण, खाली चाकं, आत निखारे.
किंमत वाचून हसलो.
शेगडीच की ही, बूट घातलेली.

कापायच्या आधी खालचा कॉक सोडला.
वाटलं नव्हतं, पण आत अजून
थोडा दाब शिल्लक होता.
गंजाची, कटिंग ऑइलची,
आणि शपथेवर सांगतो, रात्रपाळीच्या चहाची
हवा स्स्स करून निघाली.
दहा-बारा सेकंद. मी गुडघ्यावर बसून.
मालन आतून म्हणाली, काय फुटलं?
काही नाही, म्हटलं. शिफ्ट सुटली.

खडूनं लांब रेघ, गुण्या लावून.
ग्राइंडरची चार चाकं झिजली.
वेल्डिंग मशीन शेजारच्या मडिवाळय्यांचं,
सल्लाही त्यांचाच, न मागता.
मी रॉड टेकवला की म्हणायचे, तडी, तडी,
आधी टाके मार, इकडं एक, तिकडं एक,
घाई केलीस तर पत्रा रुसतो.
हे ते अर्धं कानडीत म्हणाले असणार.
मला मराठीतच ऐकू आलं.

बिजागऱ्या जुन्या गेटच्या.
जाळीला आठ एमएमच्या सळ्या, मधे बोटभर अंतर.
मूठ तुटक्या मुसळाची, कानस मारून गोल केलेली.
जस्ताचं मात्र काही नाही.
जस्त तापलं की धूर छातीत बसतो,
हे आमच्या नारू फिटरनं एकदा
स्वतः खोकून शिकवलं होतं.

पत्रा रुसलाच.
झाकण बसवलं तर उजव्या कोपऱ्यात
एक सूत फट.
एकतीस वर्षं मी दोन शतांशासाठी जॉब परत पाठवले.
पोरं म्हणायची, कंग्राळकरच्या मायक्रोमीटरला
आई-बाप नाही.
हातोडा घेतला. ठेवला. परत घेतला.
मडिवाळय्या वाकून फटीला डोळा लावून म्हणाले,
मग धुरानं जायचं कुठनं?

पहिला जाळ रिकामा. रंग उतरायला.
गल्लीतनं जाणारे विचारूलालेत,
काय भाजूलालास गा?
रंग, म्हटलं.
निळा रंग फुगला, पापुद्रे सुटले,
आणि पांढऱ्यानं लिहिलेलं कंपनीचं नाव
शेवटच्या अक्षराकडून जळत आलं.
पहिलं अक्षर बराच वेळ टिकलं.
मी पाणी प्यायला आत गेलो,
परत आलो तेव्हा तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बेळगुंदीची रताळी.
सोमवार होता, मटणाचं नाव काढायचं नाही.
प्रज्योत फोनवर: बाबा, तापमानाचा गेज लावलाय?
लावलाय की. टाकीचाच, झाकणावर, मधोमध.
तो दाब मोजतो.
काटा शून्यावर.

मडिवाळय्यांची नात विचारते, मग कळतं कसं?
जाळीवर हात धर, म्हटलं, वीतभर वर, आणि मोज.
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कू,
हात मागे, फ्रॉकला पुसते.
आता तुम्ही.

माझा तळवा जुना.
चार, पाच. सहाला कढ लागतो.
सात. आठ.
अज्जा, म्हणते ती, अज्जा, साकु,
आणि नवाला माझं मनगट धरून ओढते.

रताळी उलटायची राहिली.
एका बाजूनं कोळसा झाला सगळ्यांचा.