वहिवाट

साडेसहाला निघालो. आयडाहोत मे म्हणजे
सावलीत अजून बर्फ.
डेलबर्टच्या गाडीत दोन करवती, कुदळ,
आणि अर्लीनचं बटाट्याचं सॅलड,
जे कुणालाच आवडत नाही
नि दर वर्षी संपतं.

मी क्लबची चिटणीस. वही माझ्याकडे.
पहिल्या मैलात आडवी झाडं सतरा.
दुसऱ्यात एकतीस. तो जळका उतार;
आगीनंतर उभी राहिलेली काळी खोडं
वारा येईल तशी तिथं एकेक निजतात.
तिसऱ्यात चार. तिथं डबे उघडले.

मोजायचं कशाला, हे नव्या पोरांना सांगावं लागतं.
वनखात्याच्या नकाशावर आपण म्हणजे
एक तुटक रेघ, नंबर दोनशे चौदा.
ती पुसायला खोडरबर लागत नाही.
दोन उन्हाळे कुणी फिरकलं नाही, झाडं पडून राहिली,
की पुढच्या छपाईत तिथं नुसतं हिरवं.
वहिवाट म्हणतात ती हीच असावी:
आधी वही, मग वाट.

परवाच्या फेब्रुवारीत सुनावणी झाली, शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल मांडून.
प्रत्येकाला तीन मिनिटं.
चाळीस वर्षं चढावर इंजिनाशी गप्पा मारणारा डेलबर्ट
माईकसमोर म्हणाला, "आम्ही ती वाट..."
आणि उरलेला वेळ टोपी फिरवत राहिला.
मग वेंडेला स्ट्राउड उठली, घोडीवाली.
तिला तीन मिनिटं पुरली.
आवाज. धूर. आणि ओढ्याच्या उतारात,
जिथून तुम्ही पाय वर करून ओरडत जाता,
त्या बारीक खड्यांत माशांची अंडी असतात.

आम्हाला माहीत नव्हतं, असं मी लिहिलंय.
डेलबर्टला माहीत असणार. गळ टाकतो तो.
परतताना म्हणाला, "अंड्यांचं तिचं खरं आहे,"
आणि घर येईपर्यंत रेडिओ लावला नाही.

पूल बांधला. परवानगीला तेरा महिने,
पुलाला अकरा दिवस.
थॅडनं बापाची जुनी मोटरसायकल विकली, त्यात फळ्या आल्या.
त्या बापाबद्दल थॅड बोलत नाही, आम्ही विचारत नाही.
आता पाणी उडत नाही. ओरडावंसं वाटत नाही.
डेलबर्ट पुलावरून जाताना
अजून पाय वर करतो.

आज दुपारी पलीकडून वेंडेला आली.
नियम पाठ आहे: इंजिन बंद, हेल्मेट काढायचं,
उताराच्या खालच्या अंगाला उभं राहायचं.
सहाही इंजिनं गप्प झाली. ओढा ऐकू आला.
घोडी तरी फळीवर पाय ठेवेना.

"बोला काहीतरी," वेंडेला म्हणाली,
"माणसं आहात हे कळू दे तिला."

आम्ही सगळे एकमेकांकडे.
डेलबर्टनं हेल्मेट हातात एकदा फिरवलं,
आणि घोडीलाच सांगू लागला:
पहिल्या मैलात सतरा.
दुसऱ्यात एकतीस, त्यातलं एक असं जाड की
करवत अडकली, थॅडनं शिव्या घातल्या, माफ कर.
तिसऱ्यात चार. तिसरा मैल बरा आहे.
पुढं जा, मोकळं आहे सगळं.

तिनं कान पुढे केले.
मग फळ्यांवर खूर.

वहीत "वापर" असा एक रकाना छापलेला आहे.
दोन वाजून दहा मिनिटं, मी लिहिलं.
मोटरसायकली सहा.
घोडी एक.