चौसष्ट टक्के

बाबा नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात होते.
कामाचं घरी बोलायची बंदी.
एवढंच सांगायचे,
"इथली नोट पार तवांगला चालते,
कुणी विचारत नाही, तू कुठल्या गावची."

मी श्रेयांक मोजते.
गंगापूर रोड, महाविद्यालयाचा दुसरा मजला,
टेबलावर पाटी : समतुल्यता समिती, समन्वयक.
त्यातला पहिला 'स' दोनदा डिंकानं चिकटवलाय.

आमच्याकडे एका श्रेयांकाचे पंधरा तास,
प्रयोगशाळेत गेलं तर तीस,
आणि पूल ओलांडून पंचवटीत गेलं
तर प्राचार्यांना विचारावं लागतं.
सगळ्यांचं माप एक व्हावं म्हणून
दर पंधरवड्याला चार प्राचार्य,
एक उपकुलसचिव आणि गार होणारा चहा.
मसुदा नववा.
कलम चारवर अडलेला :
'अभ्यासक्रम सत्तर टक्के जुळल्यास.'

यमुना भोये, तालुका सुरगाणा.
दोन वर्षं तिकडं शिकली,
मग लग्न, मग अंबडला वायरिंगची लाइन,
आता रात्रपाळी सांभाळून तिसरं वर्ष म्हणते.
तिच्या खात्यावर अठ्ठ्याऐंशी.
चौऱ्याऐंशी आम्ही घेतले.
चार राहिले.
विषय : माती आणि पाणी.

"चौसष्ट टक्के. संगणकानं काढलेत," धात्रक सर म्हणाले,
"आज ही आली, उद्या शंभर येतील."
माणूस वाईट नाही.
पूर्वी एकदा खोट्या गुणपत्रिकेवर
नकळत सही झाली त्यांच्या हातून,
तेव्हापासून पेनाचं टोपण काढायला वेळ लागतो.

यमुना बाहेर बाकावर.
अंगठ्यावर डाख लावतानाचा जुना चटका.
"मॅडम, चार म्हणजे किती दिवस?"
"एक सत्र."
"आणि फी?"
मी आकडा सांगितला.
तिनं तो मनातल्या मनात पाळ्यांमध्ये मोडला.
ओठ हलताना दिसले मला.

फाटकी नोटसुद्धा, बाबा म्हणायचे,
बँकेत पट्टी लावून मोजतात,
उरलाय केवढा तुकडा, त्यावर मोल.
कुणी म्हणत नाही,
जा, पुन्हा कमवून आण.

रात्री दोन्ही अभ्यासक्रम घरी आणले,
कपबशा सारून शेजारी शेजारी मांडले,
पेन्सिल घेऊन बसले.
आमच्याकडे : मृदाक्षरण.
त्यांच्याकडे : जमिनीची धूप.
आमच्याकडे : अपधाव.
त्यांच्याकडे : वाहून जाणारं पाणी.
आमच्याकडे समपातळी चर, आकृतीसह.
त्यांच्याकडेही चर,
पुढे दोनच शब्द : प्रत्यक्ष खोदून.

संगणकाला धूप म्हणजे
देवापुढची वाटली असणार.

सहा टक्के तिथेच होते,
नोटेतल्या जलचिन्हासारखे,
कागद उजेडाकडे धरायचाच राहिला होता.

सोमवारी तक्ता ठेवला.
बोरस्ते मॅडमना हसू आलं.
धात्रक सर तो घेऊन खिडकीपाशी गेले,
दोनदा वाचला, टोपण काढलं,
पुन्हा लावलं.
"हे एकीचं झालं. बाकीच्यांचं काय?"

म्हणून कलम चारखाली एक ओळ वाढली :
'शब्दभेद हा विषयभेद मानू नये.'
पंचवटीच्या प्राचार्यांनी आधी 'शक्यतो' घातलं.
मी खोडलं.
त्यांनी पुन्हा घातलं.
मसुदा दहावा.
'शक्यतो' अजून आहे.

यमुनेचे मात्र झाले. सही वाळायच्या आत फोन लावला,
लागला नाही, पाळीवर मोबाइल लॉकरमध्ये.
निरोप धाडला : चार जमा.

सकाळी सहा दहाला उत्तर आलं.
आभार वगैरे काही नाही.
'मॅडम, ते चर आमच्या वर्गानं खोदलेले.
गावाकडं गेले की बघते.
पाणी थांबतं त्यात.'