तुटक रेघ

तळं सरकारचं आहे.
तसा बोर्डच आहे, निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं:
पाझर तलाव क्रमांक दोन, मौजे कोदरखेड.
वाचायचा तर डांबरीवरून, डोळे बारीक करून,
कारण बोर्डापर्यंत जायला वाट नाही.

उत्तरेला मोसंबी. पूर्वेला ऊस.
दक्षिणेला जालन्याच्या कुण्या डॉक्टरची पडीक,
तिला झटका-तार.
पश्चिमेला गायरान, तेही सरकारचंच,
पण तिथं जायचं तर पुन्हा उसातून.
सरकारचे दोन तुकडे
एकमेकांना पाठ लावून बसलेत,
किल्ली तिसऱ्याच्या करगोट्याला.

मी वायरमन. मला कुणी अडवत नाही.
खांबावर चढलो की सगळं दिसतं:
बुडालेल्या बाभळीचे शेंडे,
टिबुकली इथं बुडते आणि
आपण बघतो त्या जागी कधीच निघत नाही.
खाली उतरलो की पुन्हा ऊस.
माझा गळ नऊ वर्षं माळ्यावर पडून आहे.

हतागळे मॅडमनी अकरा भोपळे वाळवून ठेवलेत,
सातवीच्या मुलींना पोहायला शिकवायचं म्हणून.
भोपळे शाळेच्या कपाटावर,
झाडूवाली विचारते, ह्याची भाजी कामून करत नाहीत?

नकाशा मिळाला तो निजामाच्या काळातला, उर्दूत.
भोकरदनला काझी सरांकडे नेला.
त्यांनी भिंग फिरवलं, चहा गार होऊ दिला.
"दुहेरी तुटक रेघ असती तर गाडीवाट.
ही एकेरी. पायवाट आहे, ओढ्याच्या डोहाकडे जाणारी.
आणि हे लिहिलंय, राह-ए-आम."
आझम टेलर म्हणाला, आंब्याची वाट?
सर हसले नाहीत.
"आम म्हणजे सगळ्यांची."

तळं तेव्हा नव्हतंच.
ते बहात्तरला झालं. डोहावरच पाळ घातली.
आईनं तिथं माती वाहिली, पंधराव्या वर्षी,
घमेल्यामागं घमेलं, दुपारी सुकडी.
नंतर कुंपणं आली
आणि ती परत गेली नाही.
कुणी जा म्हटलं नाही, येऊ नको असंही नाही.

रेघ लिंबाजी उगल्यांच्या मोसंबीतून जाते,
मोजून एकोणीस झाडांच्या बुडातून.
नकाशा पसरला तर तो बघेना.
"मागं तुमच्यासारखेच आले होते, हवा खायला.
बाटल्या फोडून गेले. म्हशीचा खूर चिरला माझ्या.
तुम्ही रेघ दाखवायलात,
मी म्हशीचा पाय दाखवू का?"

ह्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं.
अजून नाही.

मोजणीची तारीख पडली. मग पुढची पडली.
मोजणीदार आला त्या दिवशी त्याचं यंत्र चार्ज नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी
लिंबाजीनंच तारेचा आकडा काढला.
"रेघेवरून नाही. बांधावरून.
आणि हात पाठीमागं."

गेलो मग तसेच.
पुढं मॅडम, मागं अकरा मुली, गळ्यात भोपळे,
आझमभाई, काठी काखेत धरून मी,
शेवटी आई, काठी टेकत. तिला एक हात माफ.
दोन्ही बाजूंनी पिवळी मोसंबी कानाला लागत होती.
लिंबाजी कुंपणाशी उभा, ओठ हलवत, मोजत.

पाण्यात पहिली उतरली ती शेख रुक्साना,
आणि ओरडली, गार, गार,
मग बाकीच्या, मग नुसता आवाजच.
गळाला काही लागलं नाही.
लागायला हवं असंही काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

आई पाळीवर उभी राहून म्हणाली,
"लहानच आहे की गं बाई.
केवढं वाटायचं तेव्हा."

पुढची तारीख वीस आहे. मी जाणार आहे.
आकडा काढणारा हात
उद्या आकडा लावूही शकतो,
आणि लिंबाजीलाही हे माहीत आहे.

परत येताना त्यानं पुन्हा मोजलं.
थांबला. पुन्हा पहिल्यापासून.
"एक कमी."
आम्ही मागं बघितलं.
पाळीवर आई बसली होती,
पाठ आमच्याकडं,
दोन्ही हात पुढं.